पाचवीचे जागरण



आपल्याकडे घरात बाळ जन्माला आले की पाचव्या दिवशी पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडतात, हळदकुंकू वाहतात, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचे नशीब लिहून जाते, असा समज आहे. त्या रात्री दिवा विझू द्यायचा नाही आणि घरातल्या बायकांनी जागायचे, अशी रीत. कल्याण-डोंबिवलीच्या चारमजली इमारतींतूनही ही पूजा अजून होते. बाळ-बाळंतीण दवाखान्यातून घरी कधी येतात त्यावर दिवस थोडा मागेपुढे होतो, एवढेच.

आजचे माझे भाषण या रीतीच्या विरुद्ध नाही. ही रीत ज्यांनी घातली त्यांना एक गोष्ट अनुभवाने पक्की ठाऊक असली पाहिजे, असे मला वाटते. जन्मानंतरचे पहिले आठ-दहा दिवस धोक्याचे असतात. धडधाकट जन्मलेले मूल चौथ्या-पाचव्या दिवशी दूध सोडते, मलूल होते आणि बघता बघता हातचे जाते, हे त्यांनी घरोघर पाहिले होते. कारण कळत नव्हते. म्हणून कारण सटवाईच्या हाती सोपवले, आणि आपल्या हाती जेवढे होते तेवढे केले. रात्रभर जागे राहिले.

त्यातल्या एका रोगाला आपण पुष्कळच मागे रेटले आहे. तो म्हणजे धनुर्वात. नाळ विळ्याने कापायची, तिच्यावर शेण नाहीतर राख लावायची. त्या वाटेने जंतू आत शिरत आणि आठवडाभरात बाळाचा जबडा आवळला जाई. गरोदरपणी आईला लस, नव्या पात्याने कापलेली नाळ आणि दवाखान्यातले बाळंतपण, या तीन गोष्टींनी हे चित्र पालटले. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले की भारतातल्या प्रत्येक जिल्ह्यात नवजात बाळांच्या धनुर्वाताचे प्रमाण हजार जन्मांमागे एकाहून खाली आले आहे. केवढी मोठी गोष्ट ही! पण तिचा गाजावाजा झाला नाही, कारण न मेलेल्या मुलांची बातमी होत नसते.

मात्र त्याच दाराने येणारा दुसरा शत्रू अजून घरात शिरतो. त्याचे नाव सेप्सिस. आज त्याच्याविषयी थोडे बोलायचे आहे.

‘जखम सेप्टिक झाली’ असे आपण सर्रास म्हणतो. तो शब्द आपल्या ओळखीचा आहे. सेप्सिस ही त्याच्या पुढची पायरी. जंतू शरीरात कुठेतरी शिरतात. नाळेतून, कातडीवरच्या फोडातून, छातीतून, कानातून किंवा लघवीच्या मार्गातून. शरीर त्यांच्याशी झुंजू लागते, आणि बहुतेक वेळा जिंकतेही. पण कधी कधी ही झुंजच हाताबाहेर जाते. असे समजा, रात्री गावात चोर शिरले. ‘चोर, चोर’ असा ओरडा झाला. गावकरी काठ्या घेऊन धावले, आणि अंधारात एकमेकांनाच झोडपू लागले. चोर दोन, जखमी झाले शंभर. सेप्सिसमध्ये असेच होते. जंतूंना मारायला निघालेल्या शक्तीचा तडाखा शरीराच्या आपल्याच अवयवांना बसतो. रक्तदाब खाली येतो, मूत्रपिंड काम सोडते, श्वास वाढतो, मेंदूला गुंगी येते. त्या वेळी वाया जाणारा प्रत्येक तास महाग पडतो.

हा रोग विरळा आहे असे समजू नका. २०१७ साली जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख दगावले, असा अंदाज संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केला. त्या रुग्णांपैकी जवळपास २ कोटी पाच वर्षांखालील मुले होती. इतके असून घरोघर या रोगाचे नाव माहीत नाही. घरात एवढेच म्हणतात, ‘ताप डोक्यात गेला,’ किंवा ‘काय झाले कळलेच नाही.’

या ‘कळलेच नाही’ला कारण आहे. मोठ्या माणसाला जंतूंची बाधा झाली तर तो तापाने फणफणतो, कण्हतो, डॉक्टरकडे न्या म्हणतो. तान्हे बाळ यातले काहीच करत नाही. पुष्कळदा त्याला ताप येतही नाही. उलट अंग गार पडते. ते रडत नाही, ते गप्प होते. आणि गप्प बाळ पाहून घरातल्यांना हायसे वाटते. ‘आज किती शहाण्यासारखे झोपले आहे,’ असे आपण म्हणतो. धोका इथेच असतो.

आता आपल्याच भागातली एक जुनी गोष्ट सांगतो. कल्याणच्या जोशी घराण्यातल्या यमुनेचा जन्म १८६५ सालचा. नवव्या वर्षी तिचे लग्न टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले, आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. वेळेवर वैद्यकीय मदत मिळाली नाही.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीच निघाले होते. आगगाडी १८५३ साली ठाण्याला आणि १८५४ साली कल्याणला पोचली होती. म्हणजे डॉक्टर होते आणि वाहनही होते. तरी बाळंतिणीच्या खोलीचा उंबरठा डॉक्टरला ओलांडता येत नव्हता, कारण डॉक्टर पुरुष होता आणि खोलीत परपुरुषाने यायचे नाही. दहा दिवसांच्या मुलाला काय झाले हे सांगणारे कोणी त्या उंबरठ्याच्या आत नव्हते. या दुःखातून त्या मुलीने ठरवले की आपणच डॉक्टर व्हायचे. १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमध्ये श्रीरामपूर येथे तिने भर सभेत सांगितले की हिंदुस्थानाला स्त्री-डॉक्टरांची गरज आहे, आणि म्हणून मी अमेरिकेला जाते. त्याच वर्षी ती गेली. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ती एम्. डी. झाली. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. परत येऊन कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांचा विभाग सांभाळायचा होता. पण क्षयाने गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिचे निधन झाले. वय बावीसही पुरे झाले नव्हते.

आनंदीबाईंचे चरित्र शाळेत शिकवताना आपण ‘पहिल्या स्त्री-डॉक्टर’ एवढ्यावर थांबतो. मुलांना ते दहा दिवसांचे बाळही सांगावे, असे मला वाटते. त्या बाळाला नाव नाही, तसबीर नाही. पण त्या सगळ्या धडपडीचे मूळ तिथे आहे.

आनंदीबाई जन्मल्या त्याच १८६५ साली युरोपात दोन गोष्टी घडल्या. त्यांचाही या विषयाशी संबंध आहे. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाचा एक डॉक्टर होता. तिथल्या एका विभागात १८४६ साली शंभरातल्या अकरा बाळंतिणी ज्वराने मरत होत्या. हा बाळंतज्वर म्हणजे सेप्सिसच. सेमेलवाइसच्या ध्यानात आले की डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे जातात. १८४७ साली त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला. १८४८ साली तिथला मृत्यूचा आकडा शंभराला सव्वावर आला. तरी बड्या मंडळींना ते पटले नाही. आमचे हात मळलेले, असे म्हणणारा हा कोण? १८६५ च्या ऑगस्टमध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात मरण पावला, आणि तोही जखमेतून जंतू पसरूनच. त्याच महिन्यात ग्लासगो येथे जोसेफ लिस्टरने गाडीखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिकचे फडके बांधले. जखम चिघळली नाही आणि मुलगा पायांवर उभा राहिला. पुढे जंतू सापडले, औषधे सापडली. पण पहिला उपाय हात धुणे हाच होता, आणि आजही पहिला तोच आहे. बाळाला घ्यायला येणाऱ्या आत्याने, मावशीने, शेजारणीने आधी हात धुवावेत. यात कोणाचा अपमान नाही.

आता गडचिरोलीला चला. हात धुणे आणि औषध या दोन्ही गोष्टी माहीत झाल्यावरही गावातली बाळे मरतच होती, कारण दवाखाना दूर आणि बाळ घरात. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ पासून तिथल्या गावांत याचा अभ्यास केला. डॉक्टर नाही, दवाखाना जवळ नाही, आणि बाळंतीण महिनाभर घराबाहेर पडत नाही. मग बाळ वाचवायचे कसे? त्यांनी ३९ गावांत गावातल्याच, थोडेफार शिकलेल्या बायका निवडल्या. त्यांना बाळ पाहायला शिकवले: वजन करायचे, अंगाची ऊब ओळखायची, श्वास मोजायचा, दूध कसे ओढते ते बघायचे. सेप्सिसची चिन्हे दिसली आणि आईबाप दवाखान्यात न्यायला राजी नसले, तर त्यांच्या संमतीने प्रतिजैविकाचे इंजेक्शन आणि पातळ औषध द्यायचे, तेही पक्क्या शिक्षणानंतर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

परिणाम काय झाला? या गावांत हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात जात होती. १९९७-९८ पर्यंत आकडा सुमारे २५ वर आला. सेप्सिस झालेल्या बाळांपैकी पूर्वी शंभरात १६ ते १७ दगावत. उपचार सुरू झाल्यावर तीनही नाहीत. १९९९ साली हा वृत्तांत ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रात छापला गेला. पुढे २०११ साली भारत सरकारने आशा कार्यकर्तीने घरी जाऊन नवजात बाळ तपासावे असा कार्यक्रम देशभर सुरू केला, त्याच्या पाठीशी हे काम आहे. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. पाचवीच्या रात्री सटवाई येते की नाही ते मला सांगता येणार नाही. पण सातव्या दिवशी आशाताई आली, तर तिला दारातून परत पाठवू नका. बाळाचे कपडे सोडून ते तिला नीट पाहू द्या.

आता कोणी म्हणेल, हे गडचिरोलीचे झाले. आमच्या ठाण्यात, कल्याणात कोपऱ्या-कोपऱ्यावर दवाखाने आहेत. आहेत ना! म्हणूनच माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीची, म्हणजे भाचीची गोष्ट सांगतो. ती डोंबिवलीला राहते, मुरबाडकडच्या एका शाळेत शिक्षिका आहे. मुलगा झाला, पुऱ्या दिवसांचा, वजनही चांगले. चौथ्या दिवशी घरी आली. पाचवी झाली. आठव्या दिवशी दुपारपासून बाळ झोपून राहिले. दूध प्यायला उठवले की दोनदा ओढायचे आणि सोडून द्यायचे. ताप नव्हता. सासूबाई अनुभवी, त्या म्हणाल्या, “अगं, काल मालीश जरा जास्त झाली असेल. दमलंय. झोपू दे.” नवरा म्हणाला, “सकाळी दाखवू. आता रात्री कुठे न्यायचं पावसात?”

भाची मला नंतर म्हणाली, “मामा, मला काही रोगबिग कळत नव्हता. पण वर्गात पन्नास मुलं असतात, त्यात रोज दंगा करणारा मुलगा एक दिवस गप्प बसला, तर मला कळतं की याचं काहीतरी बिनसलंय. तसंच वाटलं. हा कालच्यासारखा रडत नव्हता.” तिने बाळाच्या तळव्यांना हात लावला. पोट कोमट, तळवे गार. पायाला टिचकी मारली तरी ते नीट रडेना. रात्री साडेदहाला तिने सांगितले, “सकाळ नाही. आत्ता.”

मुले ठेवून घेणाऱ्या एका रुग्णालयात ते पोचले. डॉक्टरांनी बाळ पाहिले, रक्त काढले, आणि रक्ताचा निकाल यायच्या आधीच प्रतिजैविके आणि सलाईन सुरू केले. रक्तातले जंतू वाढवून ओळखायला दोन-तीन दिवस लागतात; तोवर थांबून चालत नाही. तिसऱ्या दिवशी जंतूचे नाव कळले, औषध बदलले. चौदा दिवस बाळ काचेच्या आड होते. त्या चौदा दिवसांत बाळंतपणातून नुकती उठलेली माझी भाची बाहेरच्या बाकावर बसून असायची. दर तीन तासांनी दूध काढून परिचारिकेच्या हाती द्यायची. तिच्यासाठी बहिणीने केलेले डिंकाचे लाडू डब्यात तसेच राहिले. नवरा गिरणीच्या हिशेबासारखे आकडे वहीत लिहायचा: आज श्वास किती, लघवी किती वेळा, दूध किती. सासूबाई दिवसातून एकदा यायच्या, काचेतून पाहायच्या आणि काही न बोलता सुनेच्या पाठीवर हात ठेवून बसायच्या. त्या घरात कोणी कोणाला दोष दिला नाही, हे मी मोठे मानतो. पुष्कळ घरांत अशा वेळी सारा राग आईवर निघतो.

मुलगा वाचला. पुढे त्याचे कान तपासले, वर्षभर दर तीन महिन्यांनी वाढ पाहिली. आता तो बालवाडीत जातो आणि मला ‘आजोबा’ म्हणून हाक मारतो. पण त्याला साधी शिंक आली तरी त्याची आई रात्री दोनदा उठून त्याचे तळवे चाचपते. असा आजार बाळाला सोडून जातो, आईबापांना लवकर सोडत नाही. तुमच्या शेजारी असे घर असेल तर ‘आता काय, बरा झाला ना?’ असे म्हणून विषय मिटवू नका. त्यांना बोलू द्या.

या गोष्टीत बाळ आधी कोणी ओळखले? डॉक्टरने नाही, त्याच्यापुढे ते रात्री अकराला आले. ओळखले आईने, दुपारी चारला. गडचिरोलीतही हेच झाले. औषध दवाखान्याचे, पण डोळे घरातले. कल्याणच्या त्या दहा दिवसांच्या बाळाच्या वेळी औषधही नव्हते आणि काय पाहायचे हेही कोणी शिकवले नव्हते. आज औषध आहे. पाहायचे काय, तेवढे शिकायला हवे.

तर ते काय, ते सांगतो. हवे तर कागद-पेन्सिल घ्या.

बाळ दोन महिन्यांच्या आतले असेल तर ही चिन्हे पाहा. आधी नीट दूध ओढत होते, आता ओढत नाही किंवा सोडून देते. आधी खणखणीत रडत होते, आता आवाज क्षीण झाला किंवा बंद झाला. झोपेतून उठवले तरी नीट जागे होत नाही, अंग सैल पडते. अंग तापले आहे किंवा गार पडले आहे. दोन्ही सारखेच वाईट. बेंबीतून पू येतो, भोवती लाली आहे किंवा अंगावर पुवाळलेले फोड आहेत. पोट फुगले आहे, उलट्या थांबत नाहीत. श्वास घेताना कण्हते किंवा बरगड्यांखाली छाती आत ओढली जाते. झटके येतात. यातले एक जरी दिसले तरी डॉक्टरला दाखवायचे. आणि उद्या नाही, आत्ता.

श्वास मोजणे सोपे आहे. बाळ शांत असताना त्याच्या पोटावरचा कपडा दूर करा. घड्याळाचा सेकंदकाटा बघत पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येते ते मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त भरला तर तो जलद. दोन महिने ते एक वर्ष, ५० किंवा जास्त. एक ते पाच वर्षे, ४० किंवा जास्त. शिक्षकांनो, हा गणिताचा आणि शास्त्राचा एकत्र पाठ होऊ शकतो. सहावी-सातवीच्या मुलीला तो सहज येतो, आणि घरी धाकटे भावंड तिच्याच कडेवर असते.

वाटेत काय करायचे? बाळाला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरा आणि वरून पांघरूण घ्या. अशी ऊब शेगडीने मिळत नाही. ओढत असेल तर अंगावरचे दूध द्या. १०८ क्रमांकाला फोन करा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार, औषध आणि ने-आण मोफत मिळावी, अशी सोय २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे. पुढे ती एक वर्षापर्यंतच्या बाळांना लागू झाली. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून निघताना आशाताईला बरोबर घ्या. कोणत्या रुग्णालयात बाळ ठेवून घेण्याची सोय आहे, हे तिला ठाऊक असते. बाळंतपणाच्या आधीच हे विचारून भिंतीवर लिहून ठेवलेत तर आणखी चांगले.

आणि काय करायचे नाही? नाळेवर तेल, हळद, राख, शेण काही लावू नका. ती स्वच्छ आणि कोरडी राहू द्या, आपोआप गळते. पहिला चीक पिळून टाकू नका, तो बाळाची पहिली लस समजा. गुटी, पाणी सहा महिने नको, आणि मध तर वर्षभर नको. आणि औषधाच्या दुकानातून कोणीतरी सांगितलेले प्रतिजैविक आणून पाजू नका. मोठ्या भावाची उरलेली बाटली तर मुळीच नको. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत नवजात बाळांच्या सेप्सिसचा अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुष्कळ जंतू एकाच वेळी अनेक औषधांना दाद देईनासे झालेले आढळले. आपण सर्दी-पडशाला उगाच घेतलेल्या गोळ्यांनी जंतू निर्ढावतात, आणि ज्या दिवशी बाळाला खरोखर औषध लागते, त्या दिवशी ते लागू पडत नाही.

मोठ्या मुलांविषयीही दोन शब्द सांगतो. ते शाळेचे काम आहे. २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये रोरी स्टाँटन नावाच्या १२ वर्षांच्या मुलाचा शाळेत खेळताना हात खरचटला. पुढे ताप, उलट्या, अंगदुखी. साधा पोटाचा आजार वाटला. आठवड्याच्या आत तो सेप्सिसने गेला. आईबापांनी घरात बसून रडण्याऐवजी सरकारचे दार ठोठावले, आणि २०१३ साली न्यूयॉर्क राज्याने रुग्णालयांना सेप्सिस लवकर ओळखण्याचे आणि लगेच उपचार करण्याचे नियम घालून दिले. आपल्या शाळेच्या मैदानावर रोज दहा गुडघे फुटतात; त्या प्रत्येकाने घाबरायचे कारण नाही. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. पण नंतरच्या दिवसांत मुलाला ताप आला आणि त्याबरोबर हातपाय गार पडले, कातडीवर चट्टे उठले, बोलण्यात भ्रम आला, दिवसभर लघवी झाली नाही, श्वास भरभर चालला किंवा दुखणे जखमेच्या मानाने फारच वाढले, तर पालकांना बोलावून घ्या. आणि डॉक्टरसमोर एक प्रश्न विचारायला लाजू नका: “साहेब, हा सेप्सिस तर नाही ना?” चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

मंडळी, महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवर २००१ साली एक अहवाल निघाला, त्याचे नाव होते ‘कोवळी पानगळ’. झाडाची पिकली पाने गळतात त्याचे दुःख होते, नवल वाटत नाही. कोवळी गळू लागली की शेतकरी मुळाशी वाकून पाहतो. तसे पाहण्याची सवय आपल्या घरांना लावायची आहे. पाचवी जरूर पुजा. दिवाही लावा. त्या रात्री जागणाऱ्या आजीला, काकीला सांगा की दाराकडे कमी आणि बाळाकडे जास्त पाहा. तासा-दोन तासांनी तळवे चाचपा, दूध ओढते की नाही बघा. आणि काही वेगळे दिसले, तर उजाडायची वाट पाहू नका.